दुपारचा स्कोअर

आमचा कॉम्प्युटर बाहेरच्या खोलीत आहे, दिवाण आणि खिडकी यांच्या मधल्या कोपऱ्यात. नारायण पेठेतल्या फ्लॅटमध्ये वस्तू कुठे ठेवायची हे आपण ठरवत नाही, उरलेला कोपरा ठरवतो. तिथे बसून मी बिल्डरांच्या अजून न बांधलेल्या इमारतींच्या फिल्म करते. गिऱ्हाइकाला दारातून आत न्यायचं, स्वयंपाकघर दाखवायचं, मग बाल्कनीत आणून समोरची हिरवळ दाखवायची. हिरवळ मीच लावलेली असते, त्यामुळे ती प्रत्यक्षात कुठे आहे हे मला विचारू नये.

काम मला एक स्टुडिओ देतो. दुरुस्त्या सकाळी येतात आणि तयार फिल्म संध्याकाळपर्यंत हवी असते. मधल्या वेळात चित्रं तयार करायचं काम, ज्याला आम्ही रेंडर म्हणतो, ते कॉम्प्युटरने एकट्याने करायचं असतं. आमचा कॉम्प्युटर आता थकला होता. मार्चमध्ये स्टुडिओतल्या बाईंचा फोन आला. उशीर होतोय हे त्यांनी निरनिराळ्या गोड शब्दांत सांगितलं आणि शेवटी म्हणाल्या, "त्यापेक्षा जूनपासून तुम्ही ऑफिसलाच का येत नाही? आमच्या मशीनवर करा."

ऑफिस खराडीला. म्हणजे सकाळी निघायचं ते दिवेलागणीनंतरच घर बघायचं. मला जायचं नव्हतं. एक तर मला माझी खुर्ची आवडते. दुसरं म्हणजे सासूबाई दिवसभर एकट्या राहिल्या असत्या, आणि त्याची मला खरोखरच भीती वाटत होती. दोन वर्षांपूर्वी त्या गच्चीच्या जिन्यावरून पडल्या. हातात कुरडयांची परात होती. मनगट मोडलं, पण परात त्यांनी सरळ धरली होती. एकही कुरडई सांडली नाही, हे त्या प्लास्टर घालणाऱ्या डॉक्टरांनाही ऐकवत होत्या. त्यानंतर नवऱ्याने फर्मान काढलं: गच्ची बंद, उन्हाळ्याचं वाळवणही बंद. "सगळं बाजारात मिळतं," तो म्हणाला. मीही मान डोलावली. सासूबाई म्हणाल्या, "मिळतं की." विषय तिथे संपला, असं आम्हाला वाटलं.

नवऱ्याचं म्हणणं, नवा कॉम्प्युटर घे. तो चाकणला कारखान्यात आहे. तिथे मशीन बदलायचं तर सही दुसऱ्याची लागते, त्यामुळे असे सल्ले त्याला सहज सुचतात. मी ठरवलं, आहे त्यालाच पळवायचं. याला ओव्हरक्लॉकिंग म्हणतात. कंपनीने प्रोसेसरला जो वेग आखून दिलेला असतो त्याच्या वर, थोडी जास्त वीज देऊन, त्याला धावायला लावायचं. मग तो तापतो. फार तापला की जीव वाचवायला आपणहून हळू होतो. म्हणून पंखे वाढवायचे आणि गरम हवा बाहेर काढत राहायची. एवढं करून तो किती पळतोय हे बघायला बेंचमार्क नावाची चाचणी असते. ती त्याला ठरावीक जड काम देते आणि शेवटी स्कोअर सांगते.

पहिल्या दिवशी सकाळचा स्कोअर असा आला की मी उठून स्वतःसाठी दुसरा चहा केला. रात्री जेवताना नवऱ्याला सांगितलं, "जमलं तर जूनला जावं लागणार नाही. नाही जमलं तर डबा घ्यायचा आणि खराडी गाठायची." सासूबाई आमटी वाढत होत्या.

आठवडाभरात गाडी घसरली. सकाळी चाचणी लावली की स्कोअर उत्तम. दुपारी लावली की ओव्हरक्लॉकिंग करायच्या आधीचा बरा होता म्हणायची पाळी. आणि रेंडर तर दुपारीच असतं. आमच्याकडे जेवणं झाली की मी काम लावून आतल्या खोलीत आडवी होते, पंख्यांचा आवाज नको म्हणून दार ओढून घेते. सासूबाई बाहेर दिवाणावर लवंडतात. चारच्या चहापर्यंत घरात कोणी कोणाला काही विचारत नाही. बेल वाजली तर ती शेजारच्यांची आहे असं समजायचं असतं. कॉम्प्युटर काम करत असताना त्याच्यासमोर बसून राहण्याचं कारण मला कधी कळलेलं नाही. भात शिजताना आपण कुकरकडे बघत बसतो का?

मी शोध सुरू केला. वीज थोडी कमी करून पाहिली, थोडी जास्त करून पाहिली. प्रोसेसरवरचा, उष्णता ओढून घेणारा जुना लेप खरवडून नवा लावला. पेठेत दुपारी विजेचा दाब कमी होत असेल म्हणून स्टॅबिलायझर आणला. एप्रिलचं ऊन आहे म्हणून खिडकीला ओला पडदा लावला, त्याने फक्त पडद्याला वास आला. नंतर कॉम्प्युटरलाही वास यायला लागला. हिंगाचा. काहीतरी जळतंय या समजुतीने मी जुन्या नोकरीतल्या एका सहकाऱ्याला फोन केला. त्याला यातलं कळतं.

"हिंगाचा म्हणजे नक्की कसा?" त्याने विचारलं.

"हिंगाचा म्हणजे हिंगाचा. आणि थोडा जिऱ्याचा."

"तू एखादी दुपार त्याच्यासमोर बसून बघ," तो म्हणाला.

बसले. डोळे जड झाले तरी हलले नाही. सासूबाई भिंतीकडे तोंड करून दिवाणावर पडल्या होत्या, अधूनमधून कूस बदलत होत्या. त्या दुपारी स्कोअर सकाळच्या तोडीचा आला. दुसऱ्या दिवशी मी झोपले, स्कोअर पुन्हा खाली. म्हणजे हे यंत्र मी झोपले की काम टाळत होतं. अशी माणसं मी ऑफिसात पाहिली होती, पण त्यांना निदान पगार होता.

मे लागला तसा धीर सुटत चालला. स्टुडिओतल्या बाईंनी जूनसाठी जागा करून ठेवल्याचं कळवलं. मी चिडचिड करत होते, आणि नाश्त्याला येणाऱ्या मुगाच्या धिरड्यांवरही चिडत होते. त्या दिवसांत आमच्याकडे धिरडी फार झाली. सासूबाई रोज डाळ वाटायच्या आणि धिरडी मात्र मोजकीच व्हायची.

शेवटी मी एक युक्ती केली. कॉम्प्युटरचं तापमान फोनवर दिसेल अशी सोय केली आणि दार ओढून आतल्या खोलीत आडवी झाले. बाहेर त्या दिवशीचं रेंडर चालू होतं, तेही संध्याकाळपर्यंत पाठवायचं होतं. थोडा वेळ आकडा शहाण्यासारखा होता. मग दिवाणाची कुरकुर ऐकू आली आणि आकडा चढायला लागला. मी दार उघडलं.

सासूबाई कॉम्प्युटरसमोर माझ्या खुर्चीत बसल्या होत्या. त्याच्या कॅबिनेटच्या डोक्यावर, जिथून गरम हवा बाहेर पडते नेमकं तिथे, स्टीलचं ताट होतं. ताटावर धूळ बसू नये म्हणून जुन्या साडीचा तुकडा, आणि त्याचं टोक मागच्या पंख्यावर लोंबत होतं. साडी जरा बाजूला करून त्या एका बोटाने सांडगे उलटत होत्या.

"आई, हे काय?"

"सांडगे."

"कॉम्प्युटरवर?"

"गच्चीवर जायचं नाही म्हणालात. गेले का मी गच्चीवर?"

मग त्या आपणहूनच सांगत गेल्या. मागे एकदा हात लावून पाहिला होता, तेव्हा हवा नुसती कोमट यायची, अशा हवेत सांडगे आंबतात. पण तू ते काय केलंस त्याच्यापासून छान झळ येते. तीन-चार दुपारी लागतात एका ताटाला. म्हणजे मी वेग वाढवला म्हणून सांडगे आले, आणि सांडगे आले म्हणून वेग गेला. ताट इतर वेळी दिवाणाखाली असायचं. मी गावाला वळसा घालत होते आणि कळसा तिथे होता.

मला राग आला. साधासुधा नाही. "माझी नोकरी जायची वेळ आली," मी म्हणाले. "महिनाभर मी वेड्यासारखी शोधतेय. तुम्ही बघत होतात. एका शब्दाने सांगायचं ना."

"मला काय ठाऊक त्याला ताट जड होतं ते," त्या म्हणाल्या. "आणि नोकरी जाते कुठे? खराडीला जाणार आहेस ना जूनपासून? सकाळच्या घाईत डब्याला भाजी कोण निवडत बसणार? सांडगे असले की पटकन होतं. म्हणून तर करतेय."

मी ताट उचललं. आकडा माझ्या डोळ्यांदेखत उतरायला लागला, पंखे शांत झाले. मी ताट हातात धरून तशीच उभी राहिले, कारण ते ठेवायला जागा नव्हती. मी जाऊ नये म्हणून मी यंत्र पळवत होते. मी जाणार म्हणून त्या त्याच यंत्रावर माझा डबा वाळवत होत्या. मी ताटाकडेच बघत राहिले.

रेंडर वेळेत झालं. फिल्म पाठवली. बाईंचं उत्तर आलं की आज फारच लवकर, आणि असंच चालणार असेल तर जूनचं नंतर बघू. मी ते सासूबाईंना वाचून दाखवलं.

"बरं झालं," त्या म्हणाल्या. त्यांनी एक सांडगा नखाने फोडला. आत ओला होता. खिडकीतलं ऊन केव्हाच गेलं होतं. "आज झळ पुरती लागली नाही, हे आता राहणार नाहीत रात्रभर. टाकून देऊ. तसंही आता कशाला हवेत?"

मी स्वयंपाकघरातून स्टूल आणलं आणि कॅबिनेटच्या मागे, हवा अडणार नाही इतक्या अंतरावर ठेवलं. त्यावर ताट, साडीच्या तुकड्याशिवाय. मग बेंचमार्क लावला, सगळ्यात जड असतो तो. पंखे पुन्हा घुमायला लागले. सासूबाईंनी ताटावर हात धरून झळ तपासली आणि स्टूल जरासं डावीकडे सरकवलं.

"आता हे काय काम करतंय?"

"काही नाही. नुसतं तापतंय."

त्यांनी खुर्ची मला सोडली आणि आपण दिवाणाच्या काठावर बसल्या. नवरा कामावरून आला, आम्ही दोघी कॉम्प्युटरच्या पाठीकडे बघत बसलेल्या पाहून काही न विचारता हातपाय धुवायला गेला. चाचणी संपली. पडद्यावर स्कोअर आला.

"पास झालं का?" सासूबाईंनी विचारलं.

मी पडद्याकडे पाहिलं नव्हतं. त्यांच्या हातातल्या सांडग्याकडे पाहत होते. त्यांनी तो दोन बोटांत दाबला, कानाशी नेऊन मोडला, आणि मान हलवली.

"अजून ओला आहे," त्या म्हणाल्या. "परत लाव."