सर्वानुमते हलवलेले झाकण

ती घटना आठवली की आजही माझा रक्तदाब असा चढतो, की घरचे लोक चहाचा कप आधी माझ्या हातातून काढून घेतात. पोलिसाच्या नोकरीत खुनी पाहिले, दरोडेखोर पाहिले. पण सगळ्यांनी मिळून मला छळले नसेल तेवढे वारज्यातल्या एका सुशिक्षित सोसायटीने एका लोखंडी झाकणापायी छळले.

पुण्यात कॉम्प्युटरच्या नोकऱ्यांचा पूर आला तेव्हाची गोष्ट. काल जिथे ज्वारी डोलत होती, तिथे आज चार मजले उभे राहत आणि परवा त्यांत लोक भांडू लागत. रस्ता, गटार या किरकोळ गोष्टी मात्र राहून जात.

एके दिवशी दवाखान्यातून ठाण्यावर खबर आली. पोळ्या करणाऱ्या एक बाई सोसायटीसमोरच्या ड्रेनेजच्या उघड्या चेंबरमध्ये पडल्या होत्या. डोक्यावर गिरणीतून आणलेला पिठाचा डबा, त्यामुळे पायाखालचे दिसले नाही. उजवे मनगट मोडले. नवरा त्याच सोसायटीचा वॉचमन, आणि दोघांचा संसार जिन्याखालच्या खोलीत.

मी गेलो. सेक्रेटरी सामोरे आले. निवृत्त सरकारी अधिकारी. आवाज असा की खडकवासल्याच्या भिंतीवर उभा असलेला माणूस मागे वळून पाहील. म्हणाले, झाकण चोरीला गेले आहे, संशय वॉचमनवर आहे, त्याने भंगारात विकले असणार. मागे उभ्या सभासदांनी माना हलवल्या. बाईंची विचारपूस एकाच गृहस्थाने केली. पोळ्यांना त्या कधीपासून येतील, एवढे त्यांना हवे होते. तोवर चेंबरपाशी सुबक अक्षरांत पाटी लागली होती : 'चेंबर उघडे आहे. पाहून चालावे. पडल्यास सोसायटी जबाबदार नाही.' खड्ड्यावर फळी टाकायला कुणाला सवड नव्हती, पाटी रंगवायला होती.

वॉचमनला ठाण्यात आणले. हवालदाराने दटावले, मी समजावले, चहा पाजला. "चोरलं का?" "नाय साहेब." "मग कुणी नेलं?" "ठाव नाय." बस्स. खडकाशी बोलून जास्त माहिती मिळाली असती. एक गोष्ट मात्र खटकली. बायकोचे नाव काढले की हा गडी मान खाली घाली. निर्दोष माणूस अशा वेळी चिडतो. हा चिडत नव्हता. सराईत चोरही नव्हता. सराईत माणूस माझ्या डोळ्यांत पाहून खोटे बोलतो.

पंचनाम्यासाठी त्याला जीपमधून सोसायटीत नेले. आधी मी जीप कोपऱ्यावर लावून चालत जात असे. त्या दिवशी ड्रायव्हरने ती थेट फाटकातून आत घातली आणि चाकाखाली असे काही खणखणले, की गॅलरीतली कबुतरे सिंहगडाकडे उडाली. सेक्रेटरींचा चेहरा पिठासारखा झाला. मी उतरलो. फाटकासमोरच्या गटारावर काथ्याची चटई अंथरली होती. ती उचलली. खाली महापालिकेची अक्षरे असलेले झाकण, ऐटीत पडलेले. चोरीचा माल सगळी सोसायटी रोज चाकाखाली घालत होती, आणि आवाज होऊ नये म्हणून वर चटई!

वॉचमन तिथेच खाली बसला. म्हणाला, "म्याच वढलं साहेब. गटारावरची फरशी तुटली, गाडी आत येईना, म्हून सांगितलं मला. बायको गिरणीत गेलीया हे ठाव व्हतं. तरी वढलं." सांगणाऱ्याचे नाव विचारले तर जिन्याखालच्या खोलीकडे बघू लागला. नाव घेतले की खोली जाणार होती.

मी सेक्रेटरींकडे वळलो. "कुणी सांगितलं होतं?"

"अहो, सर्वानुमते ठरलं."

"सर्वानुमते ठीक. तोंड कुणाचं होतं?"

"आपण मला कायदा शिकवू नका. मीही सरकारी नोकरीच केली आहे."

"ते दिसतंच आहे," मी म्हणालो.

एकेकाचे जबाब घेतले. महापालिका गटार बांधत नाही, बिल्डरने फसवले, पोलीस गस्त घालत नाहीत, या देशाची सिस्टिमच अशी. व्यवस्थेवरची एवढी भाषणे मी निवडणुकीच्या बंदोबस्तातही ऐकली नव्हती. 'मी' हा शब्द एकाच्याही तोंडून निघेना. झाकण ओढले अशी कबुली फक्त वॉचमनची होती, म्हणजे गुन्हा एकट्या त्याच्यावर. सर्वानुमते नावाच्या इसमाला बेड्या कुठे घालायच्या?

दुसऱ्या दिवशी सकाळी कागदपत्रे तयार करत होतो. तेवढ्यात त्याच सोसायटीतला एक तरुण कॉम्प्युटर इंजिनिअर ठाण्यात आला. सोसायटीतली पहिली मोटार त्याची. अमेरिकेला जायची तयारी झालेली.

"सर, गाडी माझी होती. 'आजच्या आज काहीतरी करा' असं मी सेक्रेटरींना म्हणालो. त्यांनी वॉचमनला हुकूम केला. तो झाकण ओढत होता तेव्हा मी स्टिअरिंगवर बसून बघत होतो. खड्डा उघडा राहिलेला दिसत होता. मला ऑफिसला उशीर होत होता."

मी त्याला नीट समज दिली. सही केलीत की तुम्ही आरोपी, आणि पोलीस केस असली की अमेरिका अवघड.

"माहितीय, सर."

"मग कुणी पाठवलं तुम्हाला?"

"कुणी नाही. रोज त्यावरून जातो. चटई टाकली तरी आवाज येतो."

त्याने सही केली. त्या सहीने वॉचमनवरचा चोरीचा ठपका गेला. हयगयीचा गुन्हा मात्र तिघांवर लागला : वॉचमन, इंजिनिअर आणि सेक्रेटरीसुद्धा. कोर्टात तिघांना दंड झाला. इंजिनिअरची ती अमेरिका हुकली. पण वॉचमनची खोली काढायचा विषय निघाला तेव्हा सभेत उभा राहून तो एकटाच नाही म्हणाला, 'सर्वानुमते' काही लिहिता येईना, आणि खोली राहिली. बाईंचे मनगट किंचित वाकडेच जुळले.

व्यवस्था सुधारली पाहिजे, हे मलाही पटते. पण त्या ठाण्यात मी पाहिले, की ती सुधारायला सुरुवात झाली ती एका माणसाने खुर्ची ओढून 'गाडी माझी होती' म्हटल्यावर. त्याच्याआधी फक्त पाटी रंगली होती.

आता मी स्वतः एका सोसायटीत राहतो. सभेत कुणी 'सर्वानुमते' म्हणाले की मी हात वर करतो आणि विचारतो, नाव कुणाचे लिहायचे? हल्ली सभा कधी असते, हे मला कुणी कळवत नाही.