नायतर

आदी कबूल करते आन मोकळी व्हते: शेजारच्या हौशीरामची कोमल गेट बनवती, असं समद्या परंदवडीला मीच सांगितलं. मला काय ठावं? तिची आई म्हनली, पोरगी पुन्याच्या कंपनीत गेट बसवती. मला वाटलं लोखंडी. आमच्या शेताचं फाटक मोडलेलं, म्हनून मी टेप लावून माप घेतलं, बारा फूट, आन कागद घेऊन तिच्याकडं गेले. पोरीनं कागद नीट वाचला. हसली न्हाई. म्हनली, "मावशी, दोन इनपुटचं पायजे का तीनचं?"

मी म्हनलं, एकीकडनं बैल जाईल, दुसरीकडनं ट्रॅक्टर, म्हंजी दोनचंच दे. तवा जी हसली ती पायरीवर फतकल मारून हसली. मी बी हसले. करते काय, इज्जत गेलीच व्हती.

मग तिनं समजावलं. तिची गेटं डोळ्याला दिसत न्हाईत. नखाएवढ्या चिपमदी लाखांनी बसत्यात. चिपनं कवा कसं वागायचं ते आदी कुनीतरी लिहून देतं. ते नुसतं बोलनं. त्या बोलन्याची गेटं करायची, आन ती बी मनाला येतील तशी न्हाई. कारखान्याकडं जी ठरलेली तयार गेटं हायती त्यातलीच उचलायची. "तुमच्या फळीवरच्या डब्यांवानी," म्हनली. समद्यांची उंची एक, रुंदी येगळी, म्हंजी रांगेत नीट बसत्यात. बसवतो कॉम्प्युटर, पर किती जागेत आन किती वेगात बसव ते त्याला ही सांगती. चुकलं तर बोल हिलाच.

पोरगी सत्तावीसची, काटकुळी. घरात आमच्यासारखं बोलती, फोन कानाला लागला की 'न्हाई'चं 'नाही' व्हतं. काम घरनंच करती, पर त्यांच्याकडं रेंज न्हाई म्हनून आमच्या गच्चीवर बसती. बसती म्हंजी लॅपटॉप बसतो, ही टाकीभवती फेऱ्या मारती. शेवग्याची एक फांदी गच्चीवर आलीया. पानं ओरबाडून ओरबाडून हात पोचतो तितवर तिनं ती बोडकी केली. मी इचारलं, शेवग्यानं तुजं काय घेतलंय? तर मलाच इचारती, मावशी, किती वाजले?

त्या आठवड्यात तर लयच. वाशिंग मशिनच्या चिपचा एक तुकडा तिला दिलता, पयल्यांदाच स्वताचा म्हनून. आन जवा जवा गेटं बसवावी तवा एक जादाचं निघायचं, कुनी न मागितलेलं. त्याला लॅच म्हनत्यात. हट्टी जात. एखाद्या येळंला काय करायचं ते सांगितलं न्हाई, की मागचंच धरून बसायचं, येवढंच त्याचं काम. लिहून देनारा वरचा सायब, अर्णव नावाचा. तो म्हनायचा, माझ्या लिहिन्यात हरेक 'तर'ला 'नायतर' हाय, खोट तुझ्या बसवन्यात. गुरवारी पाचपर्यंत लॅच गेलं न्हाई तर तुकडा दुसऱ्याला, आन कोमल परत लोकांचे रिपोर्ट तपासायला.

चार दिस पोरीनं बसवन्यातलं समदं उलटंपालटं केलं. कॉम्प्युटर लॅच कुठल्या तारेवर बसतंय ते सांगायचा, पर त्या तारेचं नाव सायबाच्या लिहिन्यात बारा ठिकानी. समदे 'नायतर' बी तिनं मोजले. त्रेचाळीस. 'तर' बी त्रेचाळीस. जेवन निम्मं ताटात ठेवायची, उठायची, जिना उतरायची, परत चढायची. तिच्याकडं बघून बघून मला बी एका जागी बसवंना. मी एकाच दिसात तांदूळ दोनदा निवडले.

गुरवारी मी शिरगावला साईबाबाच्या दर्शनाला निघाले. रिक्षात बसल्यावर याद आली, विहिरीवरची पान्याची मोटार चालू राहिली. कोमल गच्चीवर व्हतीच. तिला मोबाईलवर बोलून मेसेज धाडला आन निर्धास्त गेले. तितं तिच्यासाठी बी हात जोडले. अक्कल पोरीला मागितली का सायबाला, ते सांगत न्हाई.

साडेबाराला परत आले तर जिन्यात जळका वास. मोटार घुंई घुंई करती, पाईपातनं थेंब न्हाई. विहिरीचं पानी खाली गेलतं, टाकीचा तळ जेमतेम भिजलेला, आन मोटार कोरडीच फिरत व्हती. ही बया टाकीशेजारी बसलेली. चार दिसांत पयल्यांदा बूड टेकवलेलं, ते आजच. मी बटन दाबलं आन तोंड सोडलं. मोटार मरायला टेकली, तुला वास बी येत न्हाई?

"तुमीच बसायला सांगितलं," म्हनली. डोळे लॅपटॉपातच.

"टाकी भरली तर बंद कर म्हनले व्हते."

"भरली कुटं?"

"मग नायतर काय करायचं ते बी सांगितलं व्हतं की."

"नायतर तितंच बस म्हनलात. त्या नायतरमदी मोटारीचं नावच न्हाई. मग ती व्हती तशीच चालू..."

आन तितंच थांबली. तोंड उघडं. मला वाटलं, उन्हानं चक्कर आली. तर लॅपटॉप मांडीवर ओढला, आन पुटपुटत एकेक 'नायतर' उघडून बघाय लागली. इतके दिस तिनं ते मोजले व्हते, आत काय भरलंय ते बघितलंच नव्हतं.

एकविसावा निघाला. सायबानं लिहिलेलं: झाकन उघडं असलं तर ड्रम थांबव आन पान्याचा नळ बंद कर, नायतर ड्रम फिरव. नळाचं काय? न्हाईच. मग चिपनं नळ व्हता तसाच धरून बसायचा, आन तेवढं धरायला लॅच पायजेच. कॉम्प्युटरनं बिचाऱ्यानं इमानानं बसवलेलं.

तिनं सायबाला फोन लावला. मी शेवग्याजवळ उभी राहिले, पानं गोळा करायच्या निमित्तानं. "सर, नाहीतर आहे, पण आत नळच नाही," म्हनली, शुद्ध. तो आदी लय बोलला. मग म्हनला, बघतो.

बघायला त्यानं साडेतीन केले. नायतरमदी नळ घातलेली नवी ओळ आली, कोमलनं गेटं बसवायला लावली, आन आमी दोघी टाकीभवती. ती उलटी, मी सुलटी, दर फेरीला धडक. पाचाला वीस कमी असताना रिपोर्ट आला. लॅच शून्य. सायबानं लिहिलं, तुकडा तुझ्याकडेच राहू दे. पोरीनं मला उचलायचा प्रयत्न केला. जमलं न्हाई.

म्हनलं चा टाकते, तर घरात पानी न्हाई, आन मोटार तापलेली. हौशीरामच्या दारातनं हंडा आनायचा व्हता. मी म्हनलं, मोटार तू तापवली, हंडा तू आन. माझं सांगनं सोळा आने व्हतं.

कोमलनं मोबाईल काढला आन माझाच आवाज लावला: "कोमे, टाकी भरली तर मोटार बंद कर आन खाली ये, भाकरी झाकून ठेवलीय. नायतर तितंच बस." 

मी म्हनलं, परत लाव. परत लावला. नायतरच्या म्होरं मोटारीचं नाव दुसऱ्यांदा बी नव्हतं. माझा आवाज येवढा घोगरा न्हाई, येवढं मी बोलून घेतलं, आन हंडा उचलला.

जिना उतरत व्हते तर वरनं हाक आली.

"मावशी, हंडा भरला तर भरलेला आना, नायतर अर्धा आना. पर दोनी येळंला चा तुमीच टाका."

ह्यात मला खोट काढता आली न्हाई.