आबांच्या ट्रॅक्टरची कटकट

मी साताऱ्याच्या एमआयडीसीत गिअरबॉक्स तपासते, हे आमच्या गावात कुणाला सांगायलाच नको होतं.

गाव मिरजेपासून तासाभरावर. दोन वर्षांपूर्वी हुरड्याच्या दिवसांत सुट्टी काढून गेले, तर आईनं दारातच बातमी दिली.

"ट्रॅक्टर वाजतोय."

"वाजणारच की! ट्रॅक्टरच आहे तो."

"तसं न्हाई गं! चालताना मागनं कट् कट् करतोय. ह्यांना सांगून दमले."

ह्यांना सांगून उपयोगच नव्हता. आबा सैन्यात होते, तोफखान्यात. पेन्शनीबरोबर बहिरेपणही घेऊन आले. "मला तर काय ऐकू येत न्हाई," असं ते ठामपणे सांगायचे. (शेजारी लग्नाचा बँड वाजत असतानाही ते हेच सांगतात.)

आबांनी हा ट्रॅक्टर सैन्यातनं आल्या आल्या घेतला, तेव्हा मी तिसरीत होते. ओढ्याला पाणी आलं की सगळी पोरं शाळा बुडवायची. मला मात्र आबा मडगार्डवर बसवून शाळेत पोचवायचे. (त्या ट्रॅक्टरनं मला दिलेलं हे एकमेव दुःख!) क्लच मी त्याच्यावरच शिकले. बसून पाय पोचायचा नाही, म्हणून उभं राहून दाबायचा. आणि मी पडू नये म्हणून मागं आबा माझी वेणी धरून उभे, लगाम धरावा तशी! पुढं इंजिनिअर झाले त्याचं मूळ त्या वेणीत आहे.

तर मी ट्रॅक्टरमागं चार पावलं चालले, कान दिला आणि निकाल जाहीर केला.

"डिफरन्शियल! मागच्या चाकांना ताकद वाटून देणारी दातेरी चक्रं असतात ना, त्यातला दात तुटलाय."

"मिस्त्रीला बोलवू का?" आबांनी विचारलं.

मी नुसती हसले. मिस्त्री! घरात मी असताना!

सीट काढलं. त्याखालचं जड झाकण शेजारच्या चौघांनी उचललं. तेल काढायला भांडं हवं होतं, हाताला आलं ते आईचं पुरणाचं पातेलं. (त्यावर आई जे बोलली ते इथं लिहिण्यासारखं नाही.) आत वाकून पाहते तर एकूण एक दात जागच्या जागी, लखलखीत! आबांच्या तोंडातसुद्धा इतके शिल्लक नव्हते!

चारही शेजारी माझ्या तोंडाकडं बघत उभे. माघार घ्यायची कशी?

"दोष खोल आहे," मी डॉक्टरी आवाजात म्हणाले. "डोळ्यांना दिसायचा नाही. आणि आता याचे सुटे भागही मिळायचे नाहीत."

आबा फलटणच्या एका भंगारवाल्याला फोन करून म्हणाले, "सोमवारी ये आन् घिऊन जा." मग ओलं फडकं घेऊन स्टिअरिंग पुसत बसले. एकच जागा, पुन्हा पुन्हा. मी ते स्वयंपाकघराच्या खिडकीतनं बघितलं आणि ताटातली भाकरी तशीच राहिली.

ट्रॅक्टर निदान धडधाकट निरोप घेऊ दे म्हणून रविवारी मी सगळं परत जोडलं आणि उभ्या उभ्याच तो शेडमधनं अंगणात काढू लागले. तेवढ्यात हुरड्याला अमीनचाचा आले. आबांचे शाळासोबती. मिरजेत उभा जन्म तंबोरे बनवण्यात गेलेला. आत येता येता त्यांनी हात वर केला.

"थांब बेटी. पुढं घे. आता मागं. परत पुढं."

डोळे मिटून त्यांनी ऐकलं.

"काय बिघडलंय म्हणालीस?"

"डिफरन्शियल, चाचा."

"आसंल बाबा. पर ह्यो आवाज आतल्या लोखंडाचा न्हाई, पत्र्याचा हाय. आन् चाकाच्या एका फेऱ्याला एकदाच वाजतोय."

त्यांनी मागच्या टायरवरनं बोटं फिरवली. एका खाचेत लिंबाएवढा दगड घट्ट रुतून बसला होता. चाक फिरलं की तो मडगार्डच्या वाकलेल्या कडेला आपटायचा. कट्! चाचांनी पान्यानं तो उचकटला आणि माझ्या तळहातावर ठेवला.

"घे. तुजं डिफरन्शियल."

"काय झालं?" आबा.

"दगड हुता! दगड!" आई त्यांच्या कानात ओरडली.

आबा आधी माझ्याकडं बघून हसले, मग पाठ फिरवून त्यांनी डोळे पुसले आणि फोन लावला. "सोमवारी येऊ नगंस! ट्रॅक्टर ठणठणीत हाय! न्हाई, न्हाई, आमची पोरगी चुकली!"

बहिरा माणूस फोनवर हळू बोलत नाही. सगळ्या आळीनं ऐकलं.

"चला, रानात जाऊ. तूच चालव," आबा म्हणाले. मी ऐटीत सीटवर बसले, गिअर टाकला. इतक्यात आई शेडमधनं काहीतरी घेऊन आली.

"आवं, हे दोन बोल्ट तिथं पडलं हुतं. कशाचं म्हणायचं?"

"जादाचे असतात गं!" मी वरनंच सांगितलं.

आबांनी बोल्ट उलटेसुलटे करून बघितले. "आगं ये! ह्ये तर सीटचं..."

पण तोवर मी क्लच सोडला होता! ट्रॅक्टर एक गचका खाऊन जागच्या जागी बंद पडला आणि मी सीटसकट मागं गेले. मागं कडब्याची गंजी होती, म्हणून आज हे लिहायला निदान बसता तरी येतंय.