आडनावाआधी नंबर

पालिकेच्या भरतीची परीक्षा होती. काळेवाडीच्या केंद्राबाहेर रांगेत माझ्यापुढची बाई महाळुंग्याच्या कंपनीचा निळा शर्ट घालूनच आली होती. चपातीचा रोल खात उजळणी चालली होती. सवयीनं मी विचारलं, "आडनाव काय तुमचं?"

ती खळखळून हसली. "एकशे एकोणचाळीस!" हॉलतिकीट नाचवत म्हणाली. "मुलाखतीत आडनाव ऐकलं की साहेबांचा चेहराच बदलायचा, भाऊ. उत्तरपत्रिका नुसता नंबर विचारते. बरी हाय!"

मी ओशाळलो. तिनं अर्धा रोल तोडून पुढं केला. तो मी खाल्ला.

महिन्यानं यादी लागली. स्वतःच्या आधी मी तिचा नंबर शोधला. निवड झाली होती, माझ्यापेक्षा अकरा गुण जास्त! नंबरापुढं पूर्ण नावही छापलं होतं. ते न वाचता मी त्यावर अंगठा ठेवला.