नायदेव काकाचा नारळ

उधाणाने खारबांध फोडला आणि खाडीचं पाणी आमच्या भातखाचरांत शिरलं. त्यानंतर कितीतरी वर्षं आमच्या घरात भात सणालाच शिजला. एकदा खारं पाणी बसलं की जमीन लवकर गोडी होत नाही. आई नाचणीची आंबील करायची, बाबा मिठागरावर मजुरीला जायचे. तळवलीच्या बाजूचं आमचं गाव. नवी मुंबई हे नाव कुणाच्या तोंडी नव्हतं, तेव्हाची ही गोष्ट.

बांध फुटला त्याच्या आदल्याच दिवशी गावाने गावदेवीच्या नावाने त्याची पूजा घातली होती. गाव म्हणालं, पूजेत काहीतरी कमी राहिलं. माझा धाकटा काका चिखलात उभा होता. तो म्हणाला, "बांध टिकला तं देवी पावली, फुटला तं आपन चुकलो. म्हंजे तिला हरायची सोयच नाय." त्या दिवसापासून गावाने त्याचं नाव 'नायदेव' पाडलं. पोरं तोंडावर तशी हाक मारायची आणि काका ओ द्यायचा.

काकाला वादाची खोड होती असं लोक अजून सांगतात. ते खोटं आहे. वाद लोकच उकरायचे. काकाही बाबांसारखा मिठागरावर कामाला. विडीची सुट्टी झाली की मुकादम त्याच्याजवळ येऊन बसायचा आणि विचारायचा, देव नाय तं भरती कोन आनतं? काका म्हणायचा, मना नाय ठाव. पन मना ठाव नाय म्हनून ती देवीनं आनली, हे कसं? मग मुकादम म्हणायचा, एवढं जग मानतं ते काय येडं? काका विचारायचा, पल्याडच्या गावची देवी आपल्या देवीहून मोठी असं ते गाव मानतं, तू मानतोस का? मुकादम हसायचा, विडी विझवायचा आणि दुसऱ्या दिवशी भरतीपासून पुन्हा सुरुवात करायचा. "भिंतीशी बोललो असतो तं भिंत तरी झिजली असती," असं काका घरी येऊन म्हणायचा.

एका वाक्याने मात्र तो खरोखर चिडायचा. सगळं संपलं की मुकादम समजुतीच्या सुरात म्हणायचा, "अरे, मानून ठेव ना. तुजं काय जातं?" काकाची मान ताठ व्हायची. "जे खरं वाटत नाय ते खरं म्हनायचं? यात माजंच जातं."

मी मॅट्रिक झालो. लालबागची मावशी मला ठेवून घ्यायला तयार होती, म्हणजे मुंबईच्या कॉलेजात जाता येणार होतं. बाबाही तयार होते. पण आमच्याकडे असं मोठं काम कौल घेतल्याशिवाय होत नसे. भगत देवीच्या पाषाणाला दोन ओल्या पाकळ्या चिकटवी. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. माझ्या वेळी डावी पडली. बाबांनी पाषाणापुढे डोकं टेकलं आणि घरी येऊन मला सांगितलं, सोमवारपासून मिठागरावर चल.

काका तावातावाने आला. सुकी पाकळी आधी पडते, ओली उशिरा; पोराचं आयुष्य काय पाकळीच्या ओलीवर टांगणार, असं त्याने विचारलं. मला ते स्वच्छ पटत होतं. बाबांनी सगळं ऐकून घेतलं आणि ते शांतपणे म्हणाले, "देवी नाय बोलली आनि मी धाडला, तं त्याचं काय बरंवाईट झाल्यावर मी कोनाला तोंड दाखवू? तुला पोर नाय, तुला काय कलनार." काकाला खरंच मूल नव्हतं. तो उठून गेला.

मग भगताचा निरोप आला. देवी नायदेवावर रुसली आहे. त्याने सगळ्यांसमोर नारळ ठेवावा, हात जोडावेत, मग कौल पुन्हा लावू.

मी काकाला म्हटलं, "तू जाऊ नको. मी जातो मिठागरावर."

"गप, बाला. मी गेलो तरी तेच जिंकले आनि नाय गेलो तरी तेच जिंकले. मी गेलो तं निदान तू कॉलेजात असशील."

धुतलेला सदरा घालून तो गेला. सगळं गाव जमलं होतं. त्याने नारळ ठेवला, हात जोडले. भगताने पाकळ्या लावल्या आणि उजवी पडली. बाबांच्या डोळ्यांत पाणी आलं. मुकादमाने काकाच्या खांद्यावर हात टाकला, "बघ, तुजं काय गेलं?"

काकाने तो हात खांद्यावरून काढला आणि तो घरच्या वाटेला लागला.

पुढे त्याने देवाविषयी तोंड उघडलं की कुणीही म्हणे, तू तं नारल ठेवला व्हतास. गावाला इतका चांगला पुरावा कधी मिळालाच नव्हता. "हात जोडले, मन नाय जोडलं," काका म्हणायचा, "पन मन काढून दाखवू कसं?" त्याला नायदेव म्हणणंही लोकांनी सोडून दिलं. ते त्याला फार लागलं.

सुट्टीत घरी आलो की तो मला खोदून खोदून विचारायचा. भरती चंद्रामुळे येते हे मी त्याला चिखलात रेघा ओढून दाखवलं, तेव्हा तो मला हाताला धरून थेट मुकादमाकडे घेऊन गेला. मी पुन्हा सगळं समजावलं. मुकादमाने कौतुकाने ऐकलं.

"शाना झालास रे. पन तुला ह्ये शिकाया धाडला कोनी? देवीनंच ना?"

माझं डोकं फिरलं. मी भांडायला लागलो, तर काकाच मला ओढत बाहेर घेऊन आला. वाटेत तो हसत होता. ते हसू मला आजही सहन होत नाही.

मी शेवटच्या वर्षाला असताना काका तापाने गेला. त्याचे सगळे विधी बाबांनी भगताला बोलावून यथासांग केले. निकाल लागला तेव्हा गावाने देवीपुढे नारळ फोडला आणि मला पाया पडायला बोलावलं. मी गेलो नाही. मला काकाने शिकवलं, असं मी तेव्हा सांगितलं, नंतरही सांगत आलो. लोक मान डोलावतात आणि म्हणतात, बरोबर आहे, त्यालाही बुद्धी देवीनेच दिली.

त्यांना म्हणायचं ते म्हणोत. मी फिजिक्स घेऊन बी.एस्सी. झालो. आमच्या गावातला पहिला.