युसूफभाईंच्या अकरा कॅसेटी

हे मी हिलासुद्धा सांगितलेलं नाही. आमच्या घरात गप्पिष्ट म्हणून मीच बदनाम — पाहुण्याचा हात ताटात वाळला तरी माझी गोष्ट संपत नाही. पण ही एक... ही कधी तोंडाबाहेर आली नाही.

इथे सौदीत, अल खफजीतल्या आमच्या ओळखीच्या मंडळींत माझी ख्याती आहे — जुन्या अमेरिकन कंट्री गाण्यांतलं याला फार कळतं. शुक्रवारी दुपारची जेवणं झाली की मी गाणी लावतो. हे टेक्सासचं, हे केंटकीच्या डोंगरातलं, हे कॅलिफोर्नियाचं — सुरूच. मुलं "पापा, नॉट अगेन!" करत उठून जातात, पाहुणे बिचारे माना डोलावतात. आणि मला? मला चाळिशीपर्यंत बँजो आणि गिटार यांतला फरक ठाऊक नव्हता.

शिकवलं युसूफभाईंनी. रत्नागिरीकडचे, आमच्या साइटवर क्रेन चालवायचे. तरुणपणी एका अमेरिकन फोरमनच्या हाताखाली असताना त्यांना हा नाद लागला. कायमचं गावी जाण्याआधी त्यांनी माझ्यासाठी अकरा कॅसेटी भरल्या — एकेका मुलखाची वेगळी. प्रत्येक गाण्याआधी स्वतः बोलले. "इंजिनेर, कान दे. ह्या टेक्सासचा. फिडल आयकलीस की पाय गप ऱ्हाणार नाय."

मी ती गाणी लॅपटॉपवर उतरवून घेतली. आणि त्यांचं बोलणं — कापलं. एकेका गाण्याआधीचं, नीट मांडी घालून. आवाज खराब होता का? नाही, स्वच्छ होता. पण तो राहिला असता तर शुक्रवारी सगळ्यांना कळलं असतं, मी बोलतो तो शब्दन् शब्द कुणाचा आहे. मग कॅसेटी कचऱ्याच्या डब्यात. खलास.

गेल्या वर्षी युसूफभाई वारले. महिन्याभराने त्यांच्या मुलीचा, नसीमाचा फोन आला.

"चाचा, अब्बांचा आवाज आमच्याकडं कुठंच नाय. फोनवर नुसते 'बरां, बरां' करायचे. तुमच्यासाठी कॅसेटी भरलेल्या ना त्यांनी?"

"इथल्या उन्हात खराब झाल्या गं सगळ्या." किती सहज निघालं तोंडातून! साधा ठसकासुद्धा लागला नाही.

मग ती माझीच समजूत काढायला लागली — "जाऊ दे चाचा, उनाला कोण काय करणार?"

एका गाण्यापाशी माझी कात्री चुकली आहे. युसूफभाईंचं खाकरणं आणि "कान दे" एवढं राहून गेलंय. दोन सेकंद असेल. ते गाणं मी शुक्रवारी लावत नाही. गाडीत एकटा असलो की लावतो. ते खाकरतात, "कान दे" म्हणतात, आणि लगेच फिडल सुरू होते.

नसीमाला ते पाठवलेलं नाही. पाठवलं तर ती विचारेल — चाचा, पुढचं कुठंय?