जनाबाईचा गिअरबॉक्स

चिखला गावच्या खाणीतून मँगनीज वाहणाऱ्या ट्रकांवरचे ड्रायव्हर आपले कपडे जनाबाईकडेच टाकत. त्या काळ्या धुळीपुढे नव्या मशिनी टिकत नाहीत. तिची जुनी, दोन टबांची, लोखंडी अंगाची मशीन टिकली होती. बदली होऊन जाणाऱ्या खाणीतल्या एका साहेबाच्या बायकोनं ती बंद पडलेली म्हणून हिच्या अंगणात सोडून दिली होती. जनाबाईनं गंजलेला तळ वेल्डरकडून जोडून घेतला, टायमर दुसऱ्याच कंपनीचा बसवला, फाटक्या नळीच्या जागी बोअरचा पाइप चढवला. नवरा गेल्यावर घर चाललं ते या मशीनवर.

मागच्या पावसाळ्यात गिअरबॉक्स गेला. मोटर नुसती गुरगुरायची, पाणी फिरायचं नाही. तिनं तो काढून तुमसरच्या धनीराम मिस्त्रीकडे नमुना म्हणून दिला आणि निरोपासाठी मुलाचा, भूपेंद्रचा, नंबर दिला. तो नागपूरला कारखान्यात फिटर होता. पार्टबिर्ट त्यालाच कळणार.

"नाही भेटत, माय," तो फोनवर सांगायचा. "ते कंपनीच बंद झाली."

जनाबाई हातानं धुवू लागली. सोड्यानं बोटांच्या बेचक्या फाटल्या. निम्मे ड्रायव्हर दुसरीकडे गेले. उरलेल्यांना ती म्हणायची, "थांबा जरासे, माझा पोरगा शोधून राहिला ना."

होळीच्या बाजाराला तुमसरला गेली, तेव्हा सहज धनीरामच्या दुकानात डोकावली.

"कसा चालून राहिला मावशी गिअरबॉक्स?" त्यानंच विचारलं.

"कोणता?"

"बाप्पा! दिवाळीत भूपेंद्रभाऊ घेऊन गेला ना! एका मेलेल्या मशीनीतून काढून देला त्याले. तसा दुसरा आता नाही भेटत."

"हो हो, तोच," जनाबाई म्हणाली. "चालते ना. मस्त चालते."

शनिवारी भूपेंद्र घरी आला. दुसऱ्या दिवशी बपेऱ्याहून मुलीकडचे येणार होते.

"गिअरबॉक्स कुठं आहे?"

बूट काढता काढता तो थांबला. "खाणीच्या जुन्या डोहात टाकला."

"काहून?"

"लोकं काय म्हणतीन? कास्तकाराच्या घरची बाई ट्रकवाल्यांच्या चड्ड्या धुते. माझं लगन जुडू देशीन का नाही?"

"त्याच चड्ड्यांनं तुले आयटीआय शिकवलं."

"म्हणूनच म्हणतो, माय, आता बस कर."

हे त्यानं अगदी मायेनं म्हटलं.

रविवारी पाहुणे आले तेव्हा जनाबाई समोरच्या अंगणात, नळाखाली, कपडे घासत बसली होती. काळं पाणी थेट रस्त्यापर्यंत गेलं होतं. भूपेंद्र दोनदा दबक्या आवाजात "ऊठ" म्हणून गेला होता.

मुलीची आई तिच्यापाशी थांबली. "कोणाचे कपडे हो बाई?"

"ट्रकवाल्यांचे. पैशानं धुते मी."

"बरं करता. मीही लोकांच्या शेतात धानाच्या रोवण्याले जाते. पण सारे हातानंच?"

जनाबाई तोंड उघडणार, तोच भूपेंद्र पुढे आला. त्याच्या चेहऱ्यावरची काळजी एकदम उतरली होती. "मशीन आहे ना मामी! पार्ट भेटत नाही. मी दर रविवारी त्याच्यासाठीच फिरतो नागपुरात."

"पोरगा असावा तर असा," ती आपल्या नवऱ्याला म्हणाली.

भूपेंद्रनं जनाबाईकडे पाहिलंही नाही. माय गप्प राहील, याची त्याला खात्री होती.

तिनं हात पदराला पुसले आणि पोहे भिजवायला आत गेली.